आठाच्या मधोमध

पहिल्या चाचणीला माझी गाडी बंद पडली ती इंग्रजी आठाच्या अगदी मधोमध. मैदानावर चुन्याने मोठाथोरला आठ काढलेला असे. पाय न टेकवता, रेघ न ओलांडता तो पुरा केला की मोटरसायकलचं लायसन्स मिळायचं. मराठी आठ असता तर मी डोळे मिटून काढला असता, त्याला निदान वेटोळी तरी नाहीत. पहिलं वेटोळं मी छान काढलं. दुसऱ्याकडे वळले, तोच इंजिनाने दोन उचक्या दिल्या, फुर्र केलं आणि जीव सोडला. तोल गेला, पाय टेकला. टेबलामागे बसलेल्या साहेबांनी शिट्टी फुंकली आणि मान न उचलता म्हणाले, "नापास. पुढचा."

मी किकवर किक मारत होते. गाडी ढिम्म. तेवढ्यात दादा कडेने धावत आला, वाकला, टाकीखाली हात घातला, एक किक मारली आणि गाडी सुरू.

"काय केलंस?" मी विचारलं.

"कॉक बंद होता."

"कसा बंद होता? मी उघडला होता."

"मग भुताने बंद केला," दादा म्हणाला. "चल, लोक बघतायत."

पेट्रोलचा कॉक म्हणजे टाकीखालची बोटभर चावी, आडवी केली की पेट्रोल बंद. ती बंद असली तरी गाडी सुरू होते, कारण नळीत नि कार्ब्युरेटरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असतं. ते संपलं की गाडी मरते. ते थोडं पेट्रोल मला अर्ध्या आठापर्यंत पुरलं होतं.

आणि मी तो उघडला होता. याबद्दल आज या वयातही मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. रांगेत उभी असताना मी स्वतःच्या हाताने कॉक उघडला, मग कारकुनाने सहीसाठी खिडकीशी बोलावलं म्हणून गेले. गाडीपाशी तिघंच उभी होती. बाबा, आत्या आणि दादा.

दादाला पाहताक्षणी कसं कळलं की कॉकच बंद आहे? प्लग असू शकला असता, वायर असू शकली असती. माणूस आधी इकडेतिकडे बघतो, डोकं खाजवतो. हा सरळ येतो काय, वाकतो काय आणि कॉक उघडतो काय! घरी परतताना मी त्याच्या मागे बसले होते आणि पूर्ण रस्ताभर त्याच्या मानेकडे बघत होते. मान मला अपराधी वाटत होती.

संशयाला कारणही तसंच होतं.

आमचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा साचा घेत, तो आमच्याकडे येई, आणि बाबा त्यावर मेणात दात बसवून कवळी तयार करत. घराच्या पुढच्या खोलीत प्लास्टरची पोती, गॅसची शेगडी, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि मांडणीवर ओळीने लोकांच्या हिरड्या. साचे आणायला आणि कवळ्या पोचवायला बाबांची जुनी मोटरसायकल होती. मग बाबांच्या डोळ्यांना काहीतरी झालं. समोरचं लख्ख दिसे, पण बाजूचं दिसेनासं झालं, जणू कुणी दोन्हीकडून पडदे ओढून घेतले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काम करा, गाडी विसरा.

मग काही महिने आत्याने बसने जाऊन कवळ्या पोचवल्या. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच असायची. तिला ते काम भलतंच मानवलं. प्रत्येक दवाखान्यात ती चहा प्यायची, गप्पा ठोकायची, कुठल्या डॉक्टरांचं बायकोशी पटत नाही हे आम्हाला येऊन सांगायची. शेवटी एकदा तिने एका आजोबांची कवळी दुसऱ्या दवाखान्यात दिली आणि तिथल्या आजींनी ती दिवसभर घालून पाहिली. त्यानंतर बाबांनी हात जोडले.

तेव्हा त्यांनी जेवताना निकाल दिला. "भिंगरीला लायसन्स मिळालं, तर गाडी कामाची आणि तिच्या हातात. नाही मिळालं, तर दादाने न्यावी. मग भिंगरी पॉलिशवर बसेल आणि पोचवायला बाहेरचा माणूस ठेवू."

भिंगरी म्हणजे मी. पॉलिश म्हणजे मागच्या खोलीतलं फिरतं चाक, त्यावर भुसभुशीत दगडाच्या भुकटीचा ओला लगदा लावून कवळी घासायची. शाळा संपल्यापासून मी तिथेच बसत होते. खिडकी नव्हती. नाकात, केसांत, कानांत तो लगदा. मला एकोणिसावं लागलं होतं आणि मी स्वतःला चाकावर झिजताना बघत होते. गाडी म्हणजे त्या खोलीचं दार होतं, दुसरं नव्हतं. आणि दादाला नुकतीच शहराबाहेरच्या शीतगृहात नोकरी लागली होती. त्याला गाडी हवीच होती.

आता सांगा, संशय घेऊ नको तर काय करू?

नापास झाल्यावर एकच संधी उरली. माझ्या शिकाऊ लायसन्सची मुदत संपत आली होती आणि त्याआधीची एकच तारीख मिळाली. मधल्या काळात मी घरात पोलिसासारखी वावरले.

दादाने गाडीच्या गादीला नवं कव्हर आणलं. गाडी कुणाची हे अजून ठरायचं होतं, आणि हा कव्हर आणतो!

"कुणासाठी रे?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी. जुनं फाटलं होतं, पँट अडकेल तुझी."

"माझी पँट कुठली? तुझीच आहे ती."

"म्हणूनच तर. परत हवीय मला ती, धडकी."

हसला. गोड हसला. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

आत्यावरही माझं लक्ष होतं. दवाखान्यांतल्या गप्पा बंद झाल्यापासून ती घुसमटली होती. मी नापास झाल्यापासून मात्र माझ्याशी विलक्षण प्रेमाने वागायला लागली. चहात साखर जास्त, दुधावरची साय मला. एरवी साय तिची असे. एकदा मी सरळच विचारलं, "आत्या, मी पास झाले तर तुला वाईट वाटेल का?"

"मला कशाला वाईट वाटेल, बयो? पण बसचा पास काढलाय मी, तो अजून बरेच दिवस चालतो, एवढंच म्हणते."

एवढंच म्हणते! मी मनात तिच्या नावापुढे फुली मारली.

साहेबांवरही मी संशय घेऊन पाहिला, पण ते टेबलामागून उठलेच नव्हते. शेवटी स्वतःवरही घेतला. कारण घरात एक नियम होता: गाडी उभी राहिली की कॉक बंद. कॉक जुना झालेला, उघडा राहिला की रात्रभर ठिबकायचा आणि सकाळी खोलीभर वास. बाबांनी आम्हा सगळ्यांना तो नियम इतका घोकून घेतला होता की आत्यासुद्धा, जिला गाडीचं पुढचं चाक कुठलं नि मागचं कुठलं यात फारसं स्वारस्य नव्हतं, जाता जाता वाकून खात्री करायची. म्हणजे कॉक कुणाच्याही हातून बंद झाला असता. मग दोघं कबूल का करत नव्हती? दोघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं की आम्ही गाडीला बोट लावलं नाही. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं.

बाबांना मी विचारलंही नाही. संध्याकाळी मागच्या गल्लीत ते माझ्याबरोबर चालत यायचे. बाजूचं दिसत नसल्यामुळे मी कुठे आहे हे त्यांना दिसत नसे, पण इंजिनाच्या आवाजावरून ओरडायचे, "क्लच उशिरा सोडलास!" "आता घाबरलीस, का घाबरलीस?" त्यांच्याइतकं माझं पास होणं कुणाला हवं असणार?

"बाबा, दादाने केलं असेल का हो?"

"संशय घेत वळशील तर रेघेवर जाशील. पुढे बघ."

दादा म्हणाला, "एवढं काय त्यात? या वेळी बसण्याआधी कॉक बघून घे, मिटलं."

ते मलाही कळत होतं. पण ज्याला कॉक सुचला, त्याला उद्या प्लगची वायर सुचेल, परवा ब्रेकची तार. मला नुसता कॉक उघडायचा नव्हता. कुणाकडे पाठ करून गाडीवर बसायचं आणि कुणाकडे नाही, हे मला कळायला हवं होतं.

आणि आमच्या घरात ठसा घ्यायची अक्कल नव्हती असं थोडंच होतं! आमचं पोटच ठशांवर भरत होतं.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी मी गुलाबी मेणाचा एक तुकडा पँटच्या खिशात टाकला. अंगाच्या उबेने तो मऊ राहतो. दादाने गाडी आणली, मी मागे बसले. बाबा आणि आत्या बसने आली. उन्हं चांगली तापली होती. रांगेत गाडी लावली, दादाने नियमाप्रमाणे कॉक बंद केला, मी तो उघडला. मग बुटाची नाडी बांधण्याच्या मिषाने खाली बसले आणि कॉकच्या चावीवर दोन्ही बाजूंनी मेणाचा पातळ थर बसवला, दातावर बसवतात तसा, कडा बोटाने चोळून. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. हात लावणाऱ्याला लावल्यावर कळलं असतं, पण तोवर त्याचा अंगठा माझ्याकडे जमा झालेला असता.

"खिडकीवर जाऊन येते," मी मोठ्याने सांगितलं.

"परत? या वेळी काय सही विसरलीस?" दादा म्हणाला.

"तुला काय करायचंय?"

खिडकीवर माझं काहीच काम नव्हतं. मी भिंतीआड उभी राहून बघायचा प्रयत्न केला, पण मध्ये रांगेतली माणसं. मला फक्त आमच्या तिघांचे पाय दिसत होते. दादाचे पाय सारखे हलत होते. आत्याची चप्पल एकदा गाडीच्या अगदी जवळ गेली. म्हणजे आत्या? साय देणारी आत्या?

इतक्यात माझा नंबर पुकारला गेला. मी धावत आले आणि वाकले.

कॉक बंद होता.

मी मेण अलगद सोडवलं आणि तळहातावर घेतलं. अंगठा स्वच्छ उमटला होता. दादाचा असता तर वळणावळणाच्या रेषा असत्या. आत्याचा असता तर सुरीने कापल्याची जुनी आडवी खूण असती. या ठशावर रेषच नव्हती. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. वर्षानुवर्षं प्लास्टर आणि पॉलिशचा लगदा चोळून ज्याच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून गेल्या होत्या, असा माझ्या ओळखीचा एकच माणूस होता.

बाबा टाकीला टेकून उभे होते आणि आत्याला त्यांच्या स्वतःच्या चाचणीची गोष्ट सांगत होते.

दादाने केलं असतं तर मी भांडले असते. आत्याने केलं असतं तर रडले असते. यावर काय करायचं तेच सुचेना. रोज संध्याकाळी गल्लीत माझ्याबरोबर घाम गाळणारा माणूस मैदानात येऊन माझा कॉक बंद करतो? म्हणजे मला त्या चाकावर बसवायचंच होतं का? मग शिकवलं कशाला? का ते शिकवणंही नुसतं दाखवण्यापुरतं?

माझा नंबर पुन्हा पुकारला गेला. मी कॉक उघडला, उभी राहिले आणि विचारलं.

"बाबा, कॉक तुम्ही बंद केलात?"

"मी? मी कशाला बंद करीन?" ते चकित झाले. "वेडी का काय तू? मी गाडीला हातसुद्धा लावलेला नाही."

आणि हे बोलता बोलता, चेहरा माझ्याकडे ठेवून, त्यांचा उजवा हात टाकीवरून खाली घसरला, चाचपडला, चावी सापडली आणि त्याने ती टक्कन आडवी केली.

आम्ही तिघांनीही ते पाहिलं. बाबांनी नाही. त्यांना बाजूचं दिसत नव्हतं.

आत्याने कपाळावर हात मारला. "अगं बाई गं! भाऊ!"

दादा हसत हसत खालीच बसला. "पकडला! चोर पकडला!"

"काय झालं?" बाबा म्हणाले. "हसताय काय सगळे?"

मी त्यांचा हात धरून परत चावीवर ठेवला. त्यांनी ती चाचपली. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"हा मी केला?"

"आत्ता. बोलता बोलता," दादा म्हणाला.

"आणि त्या दिवशी?"

बाबांनी हात मागे घेतला आणि आपल्याच हाताकडे असं पाहिलं, जणू तो कुणीतरी बसमध्ये विसरून गेलाय.

"मला लांब न्या," ते म्हणाले. "गाडीपासून लांब उभं करा मला."

"नुसतं लांब नको, हात गुंतवा त्याचे!" आत्या म्हणाली. तिने आपली पर्स त्यांच्या एका हातात दिली, दुसऱ्यात जेवणाच्या डब्याची पिशवी. दादाने त्यांना दंडाला धरून थेट कुंपणापाशी नेऊन उभं केलं. तिथे ते शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे उभे राहिले.

साहेबांनी मला ओळखलं. "पुन्हा तुम्ही? आज तरी पेट्रोल आहे ना?"

"आहे."

"बघू."

मी कॉक पुन्हा उघडला आणि किक मारली. खरं सांगायचं तर माझा कशावरच विश्वास उरला नव्हता. पहिलं वेटोळं संपलं आणि मी मधोमध आले तेव्हा माझे कान इंजिनाला चिकटले होते. आता उचकी येईल, आता येईल. प्लग, वायर, साखळी, कशावर म्हणून संशय घेतला नाही! उचकी आली नाही. दुसरं वेटोळं वळलं, मिटलं आणि मी रेघेच्या आत, पाय न टेकवता साहेबांपुढे येऊन थांबले.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा एकदा काढा."

"का? चुकलं काय?"

"काही नाही चुकलं. म्हणूनच म्हणतो."

म्हणजे तेही आमच्यातलेच निघाले. मी पुन्हा काढला. आता मला राग आला होता, आणि रागात माझा हात स्थिर होतो. साहेबांनी शिट्टी उचलली, परत खाली ठेवली आणि शिक्का मारला.

लायसन्स दुपारी हातात पडलं. दादाने ते उलटंसुलटं करून बघितलं. "फोटोत तू पळालेल्या कैद्यासारखी दिसतेयस."

"आण इकडे."

"आधी माफी माग. इतके दिवस माझ्याकडे खुनी असल्यासारखी बघत होतीस."

"तोंडच तसं आहे तुझं, त्याला मी काय करू?"

"बघ आत्या! आणि मी आता शीतगृहात बसने जाणार, अर्ध्या रस्त्यातच गोठून."

"चल रे," आत्या म्हणाली. "माझा पास आहे, तुझं तिकीट तू काढ." दोघं भांडत बसथांब्याकडे गेली.

बाबा माझ्या मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या गाडीवर मागे बसत होते. पाय कुठे ठेवायचे हे त्यांना शोधावं लागलं. मोठा रस्ता लागल्यावर मी मान किंचित मागे करून विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

"बाबा, मी पास व्हावं असं तुम्हाला खरंच वाटत होतं ना?"

"समोर बघ."

मी समोर बघितलं. दोन वळणं गेली. मला वाटलं, ऐकूच गेलं नसेल. मग पाठीमागून आवाज आला, जरासा बसलेला.

"वाटत होतं. पण तू पास झालीस म्हणजे मी पुन्हा चालवणार नाही हे पक्कं झालं. तेवढं मात्र मला नको होतं. हाताला काय कळलं असेल, ते मला नाही सांगता यायचं."

माझा हात आपोआप सैल झाला आणि गाडी मंदावली.

"हळू का केलीस?" ते लगेच ओरडले. "मागून बस येतेय. गियर टाक, चल!"

मी गियर टाकला.